पिवळा पुठ्ठा

खिडकीबाईंनी एकतीस वर्षांत माणसांचे चेहरे फारसे पाहिलेच नाहीत. पाहिले ते हात. आमच्या हॉस्पिटलच्या नोंदणीची खिडकी म्हणजे एक जाड काच आणि तिच्या तळाशी ताटाएवढं अर्धगोल भोक. काच जुनी, ओरखड्यांनी पांढुरकी पडलेली. पलीकडचा माणूस वाफेत उभा असल्यासारखा दिसायचा. भोकातून आत येणारा हात मात्र स्वच्छ दिसायचा, आणि त्या हातावरून बाई माणूस सांगायच्या. हा रंगारी, हा भट्टीवर काम करतो, ही दिवसभर शिवते, आणि याला काहीही झालेलं नाही, याला सुट्टीसाठी दाखला हवाय. कधीमधी चुकायच्या, आणि चुकल्या की स्वतःच हसायच्या.

"तुमचा हात तर मी हजारांत ओळखेन, ड्रेसरभाऊ," त्या मला म्हणायच्या. "नखं कायम तपकिरी. आयोडीन लावून जेवता की काय?"

मी ड्रेसर. म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. माझी खोली त्यांच्या खिडकीला लागून, मध्ये एक दार, ते कायम उघडं. चौतीस वर्षं मी लोकांच्या जखमा बांधल्या आणि चौतीस वर्षं माझा राग नाकावरच राहिला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कोणावर उखडलो तर नवल वाटायला नको. सगळ्यांत जास्त राग मला कोणाचा येतो तेही सांगणार आहे, पण ते सांगायला मला जरा वेळ लागेल.

बाई एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही ते मी कधी विचारलं नाही; विचारलं असतं तर त्यांनी मला त्या भोकातून बाहेर ढकललं असतं. घरी वडील होते, ते बाईंच्या पस्तिशीत गेले. आयुष्यभर पत्रे ठोकून ठोकून त्यांचे कान गेलेले. एकदा ते कुठल्याशा दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. नाव पुकारलं गेलं, त्यांना ऐकू आलं नाही. बसून राहिले. दुपारनंतर पहारेकऱ्याने त्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लावलं. घरी येऊन लेकीला म्हणाले, "आज डॉक्टरला वेळ नव्हता गं." ही गोष्ट बाईंनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा शब्द तेच. ते त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. पिवळा पुठ्ठा त्यातूनच आला.

आमच्याकडे प्रत्येकाच्या फायलीला खाकी पुठ्ठा असे. बाई साहेबांकडे, म्हणजे आमच्या अधीक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, आपली भाषा येत नाही किंवा सोबत कोणी नाही, त्यांच्या फायलीला पिवळा पुठ्ठा घालू. आतल्या डॉक्टरला बघताक्षणी कळेल, या माणसाला जरा जास्त वेळ द्यायचा आहे. साहेबांनी मान डोलावली. पुठ्ठ्याने कोणाचं काय जाणार होतं? मग बाई असा हात आला की भोकाशी वाकायच्या, "बसा, सावकाश सांगा" म्हणायच्या, समजेल तेवढं लिहून घ्यायच्या आणि फाईल पिवळ्या पुठ्ठ्यात घालायच्या. कोपऱ्यात वेळ टाकायच्या. तपासल्यावर डॉक्टरने त्याच्या शेजारी आपली वेळ टाकायची, अशी आमची पद्धत. पहिले काही महिने खरंच छान चाललं. मीच त्यांना म्हणालो होतो, "बाई, लोक तुमचं नाव काढतील."

पुढे काय झालं ते कोणी ठरवून केलं नाही, आणि म्हणूनच त्याचा मला जास्त संताप येतो. कोणी ठरवून केलं असतं तर त्याची गचांडी तरी धरता आली असती. तपासणी दीड वाजता बंद. आणि बाहेर ओट्यावर वाट बघणारी शंभर माणसं. शिपाई वीस-वीस फायलींचा गठ्ठा आत नेणार. एका पिवळ्याला लागणाऱ्या वेळात पाच खाकी उरकतात, हे शिपायालाही कळतं, डॉक्टरलाही कळतं. मग शिपाई आत जाता जाता पिवळी फाईल उचलून तळाला सरकवायचा. भराभर होणारे आधी होऊन जाऊ देत, मग पिवळ्यांकडे निवांत बघू. मनात पाप काही नव्हतं. तो निवांतपणा कधी यायचा नाही एवढंच. दीड वाजला की उरलेल्यांना सांगायचं, उद्या या. उरलेले कोण असायचे ते वेगळं सांगायला नको. ते भांडायचेही नाहीत, कारण भांडायला भाषा लागते, कान लागतात, नाहीतर सोबत कोणीतरी लागतं.

बाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांच्या आणि ओट्याच्या मध्ये ती काच होती.

त्या दिवशी सकाळी त्यांनी दारातून मला हाक मारली. "भाऊ, एक इस्त्रीवाली आलीय. मनगटाच्या आतल्या बाजूला चटका, जुन्यावर नवा. भाषा येत नाही. हात सारखा जबड्याला लावते. दाताचं वाटत नाही मला. काहीतरी बरोबर नाही."

"मग सांगा डॉक्टरला," मी म्हणालो.

"पिवळा घातलाय. कळेल त्यांना."

आठ वाजून दहा मिनिटं. शिपाई त्या दिवशी रजेवर होता आणि गठ्ठे आत न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माझ्या खोलीत एक पाय कापलेला म्हातारा वाट बघत होता, हात आयोडीनने बरबटलेले, त्यात हे हमालीचं काम. मी तणतणतच गठ्ठा उचलला. वरून तिसरी फाईल पिवळी होती. मी ती अंगठ्याने ओढून काढली आणि तळाला घातली.

असं झालं. तिची फाईल मी तळाला घातली. बाईंनी सांगितलेलं मला ऐकू आलं होतं, ती तीच फाईल असणार हेही माहीत होतं, आणि तरी घातली. जाणूनबुजून वाईट करणाऱ्याला ते निदान आठवतं तरी. मी पाच मिनिटांत विसरलो. म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधली, त्याच्याशी दोन गमतीच्या गोष्टी केल्या, चहा प्यायलो. मागून एकामागून एक नवे गठ्ठे तिच्यावर पडत गेले आणि ती फाईल तळाची तळालाच राहिली.

दीड वाजता सफाईवाली मावशी ओटा पुसायला लागली. खांबाजवळच्या बाकाशी आली आणि म्हणाली, "पाय उचला." बाकावरच्या बाईने पाय उचलले नाहीत. मावशीला वाटलं, हिला भाषा कळत नाही. तिने हाताने खूण करून दाखवली, वर, वर. तरी नाही. मग मावशी स्वतः वाकली आणि तिचे पाय उचलायला गेली. त्यानंतर मावशीचा जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. ती ओरडली नव्हती. "अगं बाई," एवढंच म्हणाली, अगदी हळू.

अहवालात आलं, हृदयविकाराचा झटका, अचानक. हॉस्पिटलकडून काही कसूर नाही. साहेबांनी सही केली. कोणाच्याही नखाला धक्का लागला नाही.

आठवड्याभराने, दुपारी दीडच्या सुमाराला, मी दारातून पाहिलं तर बाईंनी खिडकीच्या भोकातून हात पुढे केला होता, कोणाकडून तरी कागद घ्यावा तसा. पलीकडे कोणी नव्हतं. ओटा पुसून झालेला, ओला, रिकामा.

"काय हो बाई, कोण आहे?"

"इस्त्रीवाली," त्या म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

मला भीती वाटली की मी आवाज चढवतो. म्हणालो, "डोळे तपासून घ्या. एवढ्या डॉक्टरांच्या गराड्यात बसून तुम्ही भुतं बघायला लागलात."

"भूत नाही हो. हात येतो फक्त. चटका दिसतो मनगटावर. ती काही मागत नाही. कागदही नसतो. नुसता हात ठेवते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. दीड वाजायला आला की बाई बोलता बोलता थांबायच्या, पेन खाली ठेवायच्या आणि खिडकीकडे बघत बसायच्या. मी खोलीतून उठून बाहेर जायचो. कुठेही जायचो. एकदा तर औषधांच्या गोदामात जाऊन उभा राहिलो, कारण दीड वाजला होता आणि मला त्या बाईंचं ते बघणं बघवत नव्हतं.

बाई घाबरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तो हात सहन केला आणि कामाला लागल्या. सुट्टी झाल्यावर जुन्या फायली काढून बसायच्या आणि पुठ्ठ्यांवरच्या दोन वेळा बघायच्या, आपण टाकलेली आणि डॉक्टरने टाकलेली. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. तोंड उतरलेलं.

"भाऊ, खाकीवाल्याला आत जायला तास-सव्वा तास लागतो. पिवळ्याला चार तास. आणि पिवळ्यातले कितीतरी असे आहेत की त्यांच्यापुढे डॉक्टरची वेळच नाही. दुसऱ्या दिवशीची तारीख आहे, किंवा काहीच नाही."

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"सहा वर्षं योगायोग?" त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होत्या. "मी त्यांना ओळखता यावं म्हणून हा रंग दिला. बापाच्या नावाने दिला. आणि त्या रंगानेच त्यांना मागे काढलं. मी खूण केली नसती तर ते गर्दीत मिसळून गेले असते, नंबराने आत गेले असते."

तेव्हा बोलायला हवं होतं. बाई, ती फाईल मी तळाला घातली, एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "उशीर झाला, निघू या."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. त्या इस्त्रीवालीची बहीण आमच्या मागच्या रस्त्यावर तिचंच इस्त्रीचं दुकान चालवत होती, एवढीशी जागा, लाकडी फळी, दोन इस्त्र्या. बाई दर रविवारी सकाळी तिथे जाऊन बसायला लागल्या. चौपन्नाव्या वर्षी त्या बहिणीकडून तिची भाषा शिकायला लागल्या. कुठे दुखतं, कधीपासून, श्वास लागतो का, सोबत कोण आहे. वहीत लिहून आणायच्या आणि मला ऐकवायच्या. त्यांचे उच्चार ऐकून बहीण कपड्यात तोंड खुपसून हसते, असं त्याच हसत सांगायच्या. आणि बदल्यात त्या तिला आपली भाषा शिकवायच्या. गंमत म्हणजे, त्याच दिवसांत कळलं की आमच्या धुलाईखान्यात चादरी धुणारा माणूस तीच भाषा घरी बोलतो. बारा वर्षं तो खालच्या मजल्यावर होता. कोणी त्याला कधी वर बोलावलंच नव्हतं, कारण त्याला काय येतं हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर वर्षाच्या आत एक समिती आली. आमच्या संस्थेची अशी आणखी नऊ हॉस्पिटलं आहेत. मुख्य कार्यालयाने ठरवलं, सर्वांना समान वागणूक मिळाली पाहिजे, त्यासाठी चांगल्या योजना शोधायच्या. आणि कोणती योजना सापडावी त्यांना? पिवळा पुठ्ठा. पत्र आलं की पहिल्या तारखेपासून नऊच्या नऊ ठिकाणी पिवळे पुठ्ठे सुरू होतील आणि आमच्याकडे कार्यक्रम होऊन बाईंचा सत्कार होईल. छापून झालेले पुठ्ठे गठ्ठ्यांनी येऊन पडले, माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीएवढे. दिवसभर ते मला दिसायचे.

बाई आपले आकडे घेऊन साहेबांकडे गेल्या. मी दाराबाहेर होतो.

"योजना तुमची, कौतुक तुमचं," साहेब म्हणाले. "स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेताय? अंमलात थोडं इकडेतिकडे होतंच. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू."

"मग म्हणजे नऊ ठिकाणी सुरू झाल्यावर," बाई म्हणाल्या. त्या बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, नऊ खिडक्या. प्रत्येक खिडकीत एक हात येईल. मी कुठे कुठे बघू?"

कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये झाला. मागे भलामोठा फलक, त्यावर पाच तऱ्हेची पाच माणसं खांद्याला खांदा लावून हसत होती. त्यांतलं एकही आमच्याकडे कामाला नव्हतं. मुख्य कार्यालयातल्या मॅडम आल्या होत्या. चांगल्या बाई होत्या, मनापासून ऐकणाऱ्या. त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. धुलाईखान्यातल्या माणसाला खुर्ची मिळाली नव्हती, तो भिंतीला टेकून उभा होता. मी तिसऱ्या रांगेत.

खिडकीबाईंना बोलायला सांगितलं. त्यांनी सत्काराची फुलं खुर्चीवरच ठेवली आणि पुढे आल्या. कागद नाही, काही नाही. म्हणाल्या, "हे पुठ्ठे पाठवू नका." आणि सगळं सांगितलं, तास, फायली, दीड वाजता उद्या या. इस्त्रीवालीचं सांगितलं. आठ दहाला आली, दीडपर्यंत बाकावर होती, तिच्या पुठ्ठ्यावर डॉक्टरची वेळ नाही.

साहेबांचा चेहरा पडला, पण माणूस मुरलेला. उठून म्हणाले, "हे फारच दुःखद आहे. पण ही योजनेची चूक नाही, कुणा एका कर्मचाऱ्याची आहे. ज्याने ती फाईल तळाला ठेवली त्याला शोधून आजच घरी बसवतो. त्यासाठी चांगली योजना थांबवायची काय गरज?"

मॅडमनी बाईंना विचारलं, "ती फाईल तळाला कोणी ठेवली, तुम्हाला माहीत आहे?"

बाईंनी हॉलवरून नजर फिरवली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नजर आमच्या रांगेवर आली, आणि मी काय केलं असेल? हात खिशात घातले. का घातले ते तेव्हा मला कळलं नाही. आपोआप गेले.

"मी ठेवली," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कधी खिडकीतून उठत नाही," साहेब म्हणाले.

"त्या दिवशी उठले." मग त्या मॅडमकडे वळल्या. "मला काढा हवं तर. माझ्या जागी दुसरी येईल आणि तीही तेच करेल, कारण दीड रोज वाजतो. पुठ्ठा बघून कोणाला पुढे घ्यायचं हे जोवर ठरवता येतं, तोवर मागे राहणारी माणसं हीच राहतील. नंबर आला की माणूस आत गेला पाहिजे. आत गेला की त्याला लागेल तेवढा वेळ. एवढंच करा. रंग देऊ नका."

त्यांना माझ्यासाठी खोटं बोलायचं होतं की योजना थांबवायची होती, याचा मी खूप दिवस विचार केला. तेव्हा मला वाटलं, त्यांना माहीतच नाही कोणी ठेवली ते. योजना वाचवायला कुणा शिपायाचा बळी जाऊ नये म्हणून अंगावर घेतलं. मी सुटकेचा श्वास सोडला. शेजारच्याला ऐकू गेला असेल इतका मोठा.

पुठ्ठे कुठेही पाठवले गेले नाहीत. नऊ ठिकाणी आणि आमच्याकडेही नंबराची पाटी लागली, आणि नंबर आला की आत, मग तो कोणीही असो. धुलाईखान्यातला माणूस आता सकाळी दोन तास ओट्यावर बसतो, आणि अशा आणखी सात जणांची यादी भिंतीवर आहे, कोणाला काय बोलता येतं त्याची. खिडकीची काच काढली. बाईंना मात्र ती काच निघालेली खिडकी वापरायला मिळाली नाही. त्यांच्यावर चौकशी लागली, ठपका आला आणि उरलेली वर्षं त्यांना तळघरात जुन्या फायली सांभाळायला पाठवलं. मी रोज दुपारी त्यांच्यासाठी चहा घेऊन जायचो. खाली खिडकीच नव्हती.

"आता तरी येत नाही ना?" मी एकदा विचारलं.

"येते की. खिडकी नाही म्हणून टेबलावर ठेवते."

मी निवृत्त झालो, माझ्या मागोमाग बाई. मग त्यांचं दुखणं सुरू झालं. गेल्या वर्षी त्यांनी मला घरी बोलावलं. एका खोलीचं घर, पलंग, टेबल, वडिलांचा पत्रे ठोकायचा हातोडा भिंतीला टांगलेला. बाई अर्ध्या उरल्या होत्या. चहा मीच केला. त्यांनी उशीखालून एक कागदात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

पिवळा पुठ्ठा. कोपऱ्यात आठ वाजून दहा मिनिटं, बाईंच्या अक्षरात. शेजारी रिकामी जागा. आणि खालच्या कडेला, जिथे धरून फाईल ओढतात तिथे, तपकिरी अंगठा. रेघा न् रेघा उमटलेल्या.

"त्याच दुपारी पाहिला," बाई म्हणाल्या. "फाईल बंद करायला माझ्याकडेच आली होती ना. कोणी बघायच्या आत पुठ्ठा बदलला."

त्याच दुपारी. म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक चहा, प्रत्येक योगायोग असेल, प्रत्येक निघू या, तो हॉल, ते खिशात गेलेले हात, सगळं त्यांनी बघितलं होतं. आणि मी त्यांना डोळे तपासून घ्या म्हणालो होतो.

"का नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. त्या वेळीसुद्धा मी त्यांच्यावरच चिडलो होतो.

"वाट बघत होते. तुम्ही सावकाश सांगाल म्हणून." त्यांनी डोळे मिटले. "इस्त्रीवालीच्या बहिणीला मी सांगितलंय, पुठ्ठा माझा होता. हात कोणाचा ते नाही सांगितलं. ते सांगणं माझ्याकडचं नाही."

तीन आठवड्यांनी बाई गेल्या. स्मशानातून मी घरी आलो, जेवायला बसलो. घड्याळात दीड वाजला, आणि ताटाच्या पलीकडे, टेबलाच्या कडेवर, हात होता. मनगटावर चटका, जुन्यावर नवा. आमची बायको म्हणाली, "काय बघताय?" मी म्हणालो, काही नाही.

तेव्हापासून रोज. मी दीड वाजता बाहेर जाऊन पाहिलं, झोपून पाहिलं, घड्याळ काढून ठेवलं. त्याने काही होत नाही. ती मागत नाही काही. हात ठेवते आणि थांबते. सहा महिने झाले. कुणी ओरडलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर मी उलट दोन घातल्या असत्या, मला ते जमतं. हे गप्प थांबणं मला जमत नाही.

या रविवारी मी पुठ्ठा कागदात गुंडाळला आणि मागच्या रस्त्यावर गेलो. दुकान उघडं होतं. आतल्या अंगाला कोणीतरी पाठमोरं कपडे उलगडत होतं, वाफेत नीट दिसत नव्हतं. मी पुठ्ठा फळीवर ठेवला आणि दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं गेलं.

वाफेतून एक हात पुढे आला आणि पुठ्ठ्यावर टेकला. मनगटाच्या आतल्या बाजूला चटका, जुन्यावर नवा. अजून दीड वाजायला कितीतरी वेळ होता. मग मी मान वर केली. या हाताला खांदा होता, चेहरा होता, केस पांढरे व्हायला लागलेले. ती पुठ्ठ्याकडे बघत होती, त्या अंगठ्याकडे. मग माझ्याकडे बघितलं.

आतून तिने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "सावकाश सांगा."

शब्द बाईंचे, सूरही बाईंचाच. त्यांनीच शिकवलेला. मी बसलो, आणि खिशातून हात बाहेर काढले.